दुसऱ्या पायरीचे मोल

नागपूरहून हावड्याकडे निघालेली आगगाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही स्थानके मागे टाकीत दुर्गला येते आणि रायपूर गाठण्यापूर्वी तिला भिलाई लागते. भिलाईपासून रायपूर जेमतेम तीस किलोमीटरांवर आहे. भिलाईचे नाव निघाले की कोणालाही पोलाद आठवावे हे साहजिकच होय. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने हा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. परंतु बास्केटबॉलची गोडी असणाऱ्या मंडळींना भिलाईची आणखी एक ओळख आहे. या पोलादनगरीच्या मैदानावर राजेश पटेल या प्रशिक्षकाने वर्षानुवर्षे मुली घडविल्या. अंजू लाक्रा, सीमा सिंग यांच्यासारख्या खेळाडू येथून भारतीय संघापर्यंत पोचल्या. छत्तीसगढच्या मुलींनी कुमार गटांतील राष्ट्रीय विजेतेपदे वारंवार जिंकली. आणि या खेळाच्या बळावर कित्येकींना रेल्वेत नोकरी मिळून घरची चूल निश्चिंतपणे पेटू लागली. पटेल २०१८ साली निवर्तले. त्यांनी लावलेले रोप मात्र जमिनीत रुजले आहे.

असे असता एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. अशा रीतीने तयार झालेली खेळाडू पुढे खेळते कोठे? राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा वर्षातून एकदा भरते आणि आठदहा दिवसांत आटोपते. तिच्यात राज्यांचे संघ असतात, रेल्वेसारख्या मोठ्या संस्थांचे असतात. आणखी एखाद-दुसरी चषकस्पर्धा होते, आणि मग पुन्हा सराव, सराव आणि सराव. आपल्याकडे स्पर्धा आहेत, पण हंगाम नाही. हंगाम म्हणजे काय, आणि त्यात पहिल्या क्रमांकाच्या स्पर्धेबरोबरच दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेचीही गरज का असते, हे समजून घ्यावयाचे तर युरोपातील क्लबांच्या बास्केटबॉलकडे पाहिले पाहिजे. त्यासाठी तेथील १९८८-८९ चा एक हंगाम मी उदाहरणादाखल निवडला आहे.

बास्केटबॉल हा मूळचा अमेरिकेचा खेळ. १८९१ सालच्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने तो सुरू केला. युरोपने तो उचलला आणि आपल्या पद्धतीने वाढविला. तेथे खेळाचा आधार शाळा-महाविद्यालये नसून गावोगावचे क्लब होत. क्लब गावाचा असतो. मुले दहाव्या-बाराव्या वर्षी त्यात दाखल होतात आणि त्यांतील निवडक पुढे त्याच्याच मुख्य संघात खेळतात. प्रत्येक देशात या क्लबांची वर्षभर साखळी चालते. प्रत्येक संघाने प्रत्येक संघाशी एकदा स्वतःच्या गावी आणि एकदा प्रतिपक्षाच्या गावी खेळावयाचे, अशी ही रीत आहे. साखळीचा विजेता तो देशाचा अजिंक्य संघ. त्याखेरीज बाद पद्धतीची एक चषकस्पर्धा असते. एक पराभव झाला की संघ बाहेर. साखळीत सातत्य पारखले जाते, चषकात प्रसंगावधान.

१९५८ साली देशोदेशींच्या अजिंक्य संघांचा युरोपीय चषक सुरू झाला आणि लाटव्हियातील रीगाच्या संघाने तो प्रथम जिंकला. परंतु एका देशातून एकच संघ, असा तो नियम. ज्या देशात पाच-सहा तुल्यबळ संघ होते तेथील बाकीच्यांनी काय करावे? म्हणून १९६६-६७ च्या हंगामापासून चषकविजेत्यांची वेगळी युरोपीय स्पर्धा निघाली. इटलीच्या वारेझे गावचा संघ तिचा पहिला विजेता ठरला. ही दुसरी पायरी. पुढे १९७२ साली तिसरी पायरी आली. मोटार-अपघातात १९६९ साली मृत्यू पावलेल्या रादिवोय कोराच या युगोस्लाव्ह खेळाडूचे नाव तिला देण्यात आले. स्त्रियांसाठीही अशीच दुसऱ्या पायरीची स्पर्धा होती आणि लिलियाना रोंकेत्ती या इटालियन खेळाडूच्या नावाने ती २००२ पर्यंत चालली. म्हणजे इमारतीला वरचा मजला होता, आणि त्याखाली चढण्याजोग्या दोन पायऱ्याही होत्या.

दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेची रचना अशी: शरद ऋतूत आरंभीच्या फेऱ्या. दोन संघांनी परस्परांच्या गावी एकेक सामना खेळावयाचा आणि दोहोंतील गुणांची बेरीज करून निकाल लावावयाचा. घरी वीस गुणांनी जिंकलेल्या संघाने परक्या मैदानावर पंधरा गुणांनी हार पत्करली तरी तो पाच गुणांनी पुढे जातो. त्यामुळे हरत असतानाही शेवटच्या क्षणापर्यंत एकेका गुणासाठी झुंजावे लागते. मग उरलेल्या आठ संघांचे चार-चारांचे दोन गट, त्यानंतर उपांत्य लढती, आणि मार्च महिन्यात तटस्थ गावी एकच अंतिम सामना. देशातील साखळी या काळात बंद नसते. आठवड्याच्या मध्याला युरोपचा सामना आणि शेवटी घरच्या साखळीचा. खेळाडूचे शरीर, प्रशिक्षकाची बुद्धी आणि क्लबाची तिजोरी या तिन्हींची परीक्षा अशा दुहेरी वेळापत्रकात होते.

१९८८-८९ च्या हंगामात या स्पर्धेच्या अंतिम सामन्यास जे दोन संघ उभे राहिले ते एकमेकांहून अगदी भिन्न होते. एक स्पेनचा रेआल माद्रिद. राजधानीचा हा धनाढ्य क्लब अजिंक्य संघांचा युरोपीय चषक अनेकदा जिंकलेला होता. त्याने दुसऱ्या पायरीवर का यावे? कारण १९८८ साली स्पेनची साखळी बार्सिलोनाने जिंकली आणि चषकही बार्सिलोनानेच, अंतिम सामन्यात माद्रिदला ८४-८३ असे एका गुणाने हरवून. बार्सिलोना वरच्या स्पर्धेत गेला आणि चषकातील उपविजेता म्हणून माद्रिदला खालच्या स्पर्धेचे दार उघडले. चषकविजेत्यांच्या स्पर्धेत चषक हरलेला संघ उतरला, तो असा.

दुसरा संघ कासेर्ताचा. इटलीच्या दक्षिण भागात नेपल्सच्या उत्तरेस हे गाव आहे. अठराव्या शतकातील एका भव्य राजवाड्याबद्दल प्रवासी लोक ते ओळखतात. एरवी इटलीची सुबत्ता उत्तरेकडे, आणि बास्केटबॉलची सत्ताही मिलान, बोलोन्या, वारेझे अशा उत्तरेकडील गावांतच. दक्षिणेतला क्लब कधी अजिंक्य होईल असे कोणी मानीत नसे. १९५१ साली स्थापन झालेल्या या क्लबाचे अध्यक्षपद बांधकाम व्यावसायिक जोव्हानी माज्जो यांच्याकडे आले आणि त्यांनी १९८२ साली सुमारे शंभर दिवसांत बंदिस्त क्रीडागृह उभे करून दाखविले. त्याच सुमारास बोग्दान तान्येविच हे युगोस्लाव्ह प्रशिक्षक आले. सारायेव्होच्या संघाला १९७९ साली युरोपचे अजिंक्यपद मिळवून देणारे ते गृहस्थ. त्यांनी ब्राझीलमधून ऑस्कर श्मिट नावाचा उंच, अचूक नेमबाज खेळाडू आणला. त्याच्याभोवती नान्दो जेन्तिले आणि व्हिन्चेन्झो एस्पोझितो ही गावचीच पोरे वाढली. बाहेरचा एक मोठा खेळाडू आणि त्याच्या सहवासात तयार होणारी गावची मुले, हे या क्लबाचे सूत्र. १९८६ साली कासेर्ता तिसऱ्या पायरीच्या, म्हणजे कोराच चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि रोमच्या संघाकडून हरला. १९८८ साली इटलीचा चषक जिंकून त्याने दुसऱ्या पायरीवर पाऊल ठेवले. संघाच्या नावाआधी स्नायदेरो हे नाव लागे, ते स्वयंपाकघराचे फर्निचर बनविणाऱ्या एका कंपनीचे. आपल्याकडे रेल्वे किंवा पोलाद कारखाना खेळाडूला नोकरी देतो. तेथे कंपनी संघाला पैसे देते आणि बदल्यात आपले नाव लावते.

माद्रिदच्या बाजूला त्या वर्षी द्राझेन पेत्रोविच हा चोवीस वर्षांचा युगोस्लाव्ह तरुण होता. पायऱ्यांचा उपयोग कसा होतो हे त्याच्या चरित्राइतके स्पष्टपणे दुसरे काहीच सांगत नाही. तो एड्रियाटिक समुद्राकाठच्या शिबेनिक या लहानशा बंदराचा. त्या गावचा शिबेन्का क्लब १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षे कोराच चषकाच्या अंतिम सामन्यात गेला आणि दोन्ही वेळा फ्रान्सच्या लिमोझ संघाकडून हरला. पहिल्या वेळी पेत्रोविच सतरा वर्षांचा होता. तिसरी पायरी नसती तर त्या वयात, त्या गावात राहून युरोपातील प्रौढ, कसलेल्या संघांशी खेळण्याची संधी त्याला कोठून मिळती? पुढे तो झाग्रेबच्या त्सिबोना संघात गेला आणि १९८५ व १९८६ या दोन्ही वर्षी त्या संघाने युरोपचे अजिंक्यपद मिळविले. १९८७ साली त्याच संघाने दुसऱ्या पायरीचा चषक जिंकला. १९८८ साली कोराच चषकाच्या अंतिम लढतीत माद्रिदने त्सिबोनाला हरविले, आणि त्याच उन्हाळ्यात माद्रिदने पेत्रोविचला आपल्याकडे घेतले.

अंतिम सामना १४ मार्च १९८९ रोजी अथेन्सजवळ, पिरियसच्या किनाऱ्यावरील क्रीडागृहात झाला. त्या काळी सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असे. साधी टोपली पडली की दोन गुण, दंडाचा फेका साधला की एक गुण, आणि १९८४ पासून आंतरराष्ट्रीय खेळात आलेल्या नियमाप्रमाणे सव्वासहा मीटरांवरच्या रेषेबाहेरून टोपली साधली तर तीन गुण. या तिसऱ्या गुणाने लांबून नेम धरणाऱ्या खेळाडूंचे दिवस आले होते, आणि युरोपात त्या काळी असा नेम धरणारे जे मोजके होते त्यांतील दोघे त्या रात्री समोरासमोर उभे होते. चाळीस मिनिटे संपली तेव्हा फलक १०२-१०२ अशी बरोबरी दाखवीत होता. पाच मिनिटांची जादा वेळ देण्यात आली आणि अखेर माद्रिदने ११७-११३ असा विजय मिळविला. माद्रिदच्या ११७ गुणांपैकी ६२ एकट्या पेत्रोविचचे, निम्म्याहून अधिक. कासेर्ताच्या ११३ पैकी ४४ ऑस्करचे. दोघांची बेरीज १०६. कित्येक सामन्यांत एखाद्या अख्ख्या संघाचे इतके गुण होत नाहीत. वरच्या स्पर्धेचा अंतिम सामना त्याच वसंतात म्युनिकला झाला. स्प्लिटच्या संघाने तो ७५-६९ असा जिंकला. तो सामना खेळाच्या दृष्टीने मोलाचा खराच. परंतु आजही युरोपातील जुने रसिक त्या वर्षाची आठवण काढतात तेव्हा त्यांच्या तोंडी पिरियसची रात्र आधी येते. दुसऱ्या पायरीवरचा खेळ दुसऱ्या प्रतीचाच असतो असे नव्हे, याला याहून वेगळा पुरावा नको.

या सामन्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच बास्केटबॉलचे जग बदलले. १९८९ च्या एप्रिल महिन्यात आंतरराष्ट्रीय महासंघाने अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांचे दरवाजे उघडण्याचा ठराव केला. तोवर अमेरिकन लीगमध्ये जाणे म्हणजे स्वदेशाच्या संघाला मुकणे. ऑस्कर त्या लीगमध्ये कधीच गेला नाही. ब्राझीलकडून खेळण्याचा हक्क त्याने सोडला नाही, आणि १९८७ च्या पॅन-अमेरिकन स्पर्धेत इंडियानापोलिस येथे अमेरिकेलाच १२०-११५ असे नमविणाऱ्या ब्राझील संघात ४६ गुण त्याचे होते. पेत्रोविच मात्र १९८९ सालीच अमेरिकेला गेला, तेथे नावारूपास आला, आणि ७ जून १९९३ रोजी जर्मनीतील एका मोटार-अपघातात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मरण पावला.

आणि कासेर्ता? हरलेल्या संघाची कथा येथेच संपली असती तर ती सांगण्याचे कारण नव्हते. १९९० साली ऑस्कर क्लब सोडून गेला. आता हा संघ खाली घसरणार असा अनेकांचा कयास होता. परंतु पुढच्याच वर्षी, १९९१ साली, फ्रांको मार्चेल्लेती यांच्या मार्गदर्शनाखाली जेन्तिले, एस्पोझितो आणि त्यांच्या सोबत्यांनी निर्णायक सामन्यात मिलानला मिलानमध्येच हरवून इटलीचे अजिंक्यपद मिळविले. दक्षिणेला हा मान प्रथमच मिळाला. तिसऱ्या पायरीवरचा १९८६ चा पराभव आणि दुसऱ्या पायरीवरचा १९८९ चा पराभव, यांतून ही मुले शिकत गेली होती. मोठ्या संघाशी चार गुणांच्या अंतराने हरण्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला मोठ्या संघाची भीती वाटेनाशी होते. हा अनुभव सरावाच्या मैदानावर कोणीही देऊ शकत नाही. अर्थात दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पैशाचे पाठबळ आटले आणि १९९८ साली हा क्लब आर्थिक विपन्नावस्थेत बुडाला. पुढे तो पुन्हा उभा राहिला, पुन्हा अडचणीत आला. एका आश्रयदात्याच्या बळावर उभे राहिलेले घर किती काळ टिकते, हा प्रश्न कासेर्तालाही चुकला नाही.

आता आपल्याकडे वळू. राष्ट्रीय संघांच्या पातळीवर दुसऱ्या पायरीचे मोल भारताने स्वतः अनुभविले आहे. आशियाई महिला स्पर्धेचे दोन विभाग होते. २०१७ च्या जुलै महिन्यात बंगळूरला दुसऱ्या विभागाची स्पर्धा झाली आणि अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे दोन गुणांनी हरवून पहिल्या विभागात प्रवेश मिळविला. पुण्याची शिरीन लिमये ही मराठी खेळाडू त्या संघात होती. वरच्या विभागात मात्र चीन, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्यासारखे संघ; तेथे भारताचा निभाव लागला नाही आणि २०२१ साली संघ पुन्हा खाली आला. यात नामुष्की मानण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या देशांशी आपण हरतो त्यांच्या खेळाडू वर्षातील कित्येक महिने क्लबांसाठी दर आठवड्याला सामना खेळतात. आपल्या मुली शिबिरात एकत्र येतात, मन लावून सराव करतात आणि मग थेट मोठ्या रणांगणात उतरतात. कौशल्याचा फरक असेल, उंचीचाही असेल. परंतु सामन्यांच्या संख्येचा फरक सर्वांत मोठा आहे आणि तोच आपल्या हातचा आहे.

शहरांच्या संघांची साखळी आपल्याकडे मुळीच झाली नाही असे नव्हे. २०२२ साली सुरू झालेल्या इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये चेन्नई, कोची, बंगळूर, मुंबई, दिल्ली आणि चंदीगड असे पुरुषांचे सहा संघ उतरले आणि पहिला हंगाम चेन्नईने जिंकला. उपक्रम स्तुत्य खरा. परंतु ही सहाही नावे पाहा. मोठी शहरे, मोठी बाजारपेठ. भिलाई त्यात नाही, रायपूर नाही, नागपूरही नाही. वरचा मजला बांधण्याची हौस आपल्याला लवकर येते. पायऱ्या मागाहून पाहू, असे आपण म्हणतो. आणि पायऱ्या नसलेल्या मजल्यावर मग तेच लोक दिसतात, जे आधीच वर होते.

पायरी बांधण्यास फार द्रव्य लागते असेही नाही. नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, भिलाई, रायपूर, बिलासपूर ही सहा गावे एकाच लोहमार्गावर आहेत. प्रत्येक गावाने मुलींचा एकेक संघ उभा करावा आणि प्रत्येकाने बाकीच्या पाचांशी एकदा आपल्या गावी व एकदा त्यांच्या गावी खेळावे, असे ठरविले तर प्रत्येक संघाचे दहा सामने होतात. त्यांतील पाच घरच्या प्रेक्षकांपुढे. संध्याकाळी गाडीने निघून दुसऱ्या दिवशी परत येता येईल इतकेच अंतर. अशा दहा सामन्यांत जे घडते ते आठ दिवसांच्या स्पर्धेत घडत नाही. पहिल्या सामन्यात झालेली चूक पुढच्या सामन्यापर्यंत सुधारता येते. एका खेळाडूचा पाय मुरगळला तर बाकावरच्या मुलीला संधी मिळते आणि ती कोण आहे हे गावाला कळते. तिची धाकटी बहीण सामना पाहावयास येते व घरी जाऊन भिंतीवर चेंडू मारू लागते. परस्परांच्या गावी जाण्यायेण्याने गावांत ईर्षा निर्माण होते आणि खेळाच्या ईर्षेतून ओळखही वाढते.

मुख्य म्हणजे खेळाचा भार मग एका कारखान्यावर, एका खात्यावर किंवा एका निष्ठावंत प्रशिक्षकावर राहत नाही. भिलाईत जे झाले ते एका माणसाच्या चिकाटीने आणि एका कारखान्याच्या आश्रयाने झाले. त्याबद्दल कृतज्ञताच वाटावयास हवी. परंतु माणूस जातो, आणि संस्थांची नोकरभरती कमीअधिक होते. जोवर क्रीडानैपुण्याला नोकरी हे एकच फळ आहे, तोवर नोकरी लागताच किंवा न लागताच कित्येक मुलींचा खेळ संपत राहणार. त्यांना खेळत राहण्याचे कारण म्हणजे पुढच्या रविवारी ठरलेला सामना. युरोपातील दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या स्पर्धांनी शिबेनिक आणि कासेर्ता यांच्यासारख्या गावांना हे कारण दिले, आणि जगातील दोन थोर नेमबाज एका रात्री समोरासमोर आणून उभे केले. छत्तीसगढच्या मुलींच्या हातांत नेम आहे हे त्यांनी पुन्हापुन्हा सिद्ध केले आहे. त्यांच्यासाठी वेळापत्रक आखणे हे काम आता इतरांचे आहे.